जुनी गाडी घेतली आणि ती एका बाजूला ओढते: अलाइनमेंटला नेण्याआधी काय काय तपासाल

गेल्या वर्षी मी पुण्याहून दहा वर्षं वापरलेली एक हॅचबॅक घेतली. इंजिन ठणठणीत, आतून स्वच्छ, कागदपत्रं चोख. साताऱ्याला आणताना खंबाटकीच्या अलीकडे वेग पहिल्यांदा ८० च्या वर गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे सरकायची. दुसऱ्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेतली. कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत. आठवड्याभरात गाडी पुन्हा डावीकडे. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हिरवा कागद. तिसऱ्या खेपेनंतर पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली दिसली, तेव्हा कळलं की मी क्रमच उलटा धरला होता.

अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. टायर, रीम, नट, बेअरिंग, बुश (जोडांमधले रबरी तुकडे) आणि सांधे नीट असतील तरच तिच्या आकड्यांना अर्थ असतो. खाली दिलेला क्रम मी तेव्हापासून पाळतो, आणि जुनी गाडी घेणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला तो आवर्जून सांगतो. यातली निम्मी तपासणी घरच्या अंगणात, एक पैसा न घालवता होते.

आधी तक्रार नीट लिहून काढा

"गाडी बरोबर चालत नाही" एवढ्यावर कुठलाही मिस्त्री काही करू शकत नाही. एक वही घ्या, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा आणि नेमकं काय होतं ते लिहा. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला कमी होते? ती स्टेअरिंगमध्ये जाणवते की बसण्याच्या सीटमध्ये? फक्त ब्रेक दाबल्यावर होते का? फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर होते का?

या चार प्रश्नांच्या उत्तरांतच निदानाचा बराच भाग आहे. ८० ते १०० च्या पट्ट्यात स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) किंवा वाकडी रीम. सीट थरथरत असेल तर मागची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर असेल तर ब्रेकच्या डिस्क. नुसत्या पिकअपला थरथर आणि पाय काढला की शांत, असं असेल तर एक्सलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला सांधा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग, नाहीतर ओबडधोबड झिजलेला टायर. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना कटकट-कटकट येत असेल तर एक्सलचा बाहेरचा सांधा. खड्ड्यात 'टक्' वाजत असेल तर लिंक रॉड (शॉकअपजवळचा बारीक जोडदांडा), बुश, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळीचा सांधा) किंवा शॉकअपचं माउंटिंग.

गाडी ओढते की नाही हे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा सोडल्यावर हळूहळू डावीकडे जाते. म्हणून शक्य तितक्या सपाट जागी, येणं-जाणं नसताना, हात स्टेअरिंगच्या अगदी जवळ ठेवून बघा. दोन-तीन सेकंदांतच गाडी लेन सोडत असेल तर ती ओढते आहे.

हवा आणि टायर

सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरमधली हवा मोजा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाबाचा आकडा यासाठी नसतो. गाडी चालल्यावर टायर तापतो आणि दाब तीन-चार पीएसआयने सहज वाढतो, त्यामुळे गरम टायरमधली हवा काढून 'बरोबर' करू नका. पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. पेट्रोल पंपावरचं यंत्र दरवेळी बिनचूक असेलच असं नाही, म्हणून स्वतःचा एक छोटा गेज घ्या आणि नेहमी त्यानेच मोजा.

मग टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. चारही टायर एकाच मापाचे आहेत का? जुन्या गाडीत हे सर्रास चुकलेलं असतं. आमच्या गाडीला १६५/८० आर १४ लागतात: रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रीम १४ इंची. अशा टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर भरतो. कुणी रीम मोठी करून १८५/६५ आर १५ बसवले असतील तर व्यास ६२१-६२२ मिलिमीटर येतो, म्हणजे जवळपास तेवढाच. पण एका बाजूला एक माप आणि दुसऱ्या बाजूला दुसरं असेल तर ती गाडी कोणत्याही यंत्रावर सरळ होणार नाही. पुढच्या जोडीला एकच कंपनी, एकच नक्षी आणि सारखी झीज हवी.

'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही पूर्ण तारीख बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेर दिसली नाही तर आतली बाजू बघा. टायर कंपन्या साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, टायर बदलायला सांगतात. आपल्याकडच्या उन्हात ही मर्यादा ताणू नये. नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत पोचली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि कायद्यानेही तो टायर बाद ठरतो. बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा दिसला तर आतले धागे तुटलेले आहेत. असा टायर हायवेवर एक दिवसही चालवू नका.

आता झीज बघा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे, कारण मागचा मालक जे सांगत नाही ते टायर सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर गाडी कमी हवेवर चालली आहे. मधला भाग झिजला असेल तर जास्त हवेवर. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा उभा कल) किंवा टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) चुकलेली. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप थकलेत आणि चाक रस्त्यावर उड्या मारतंय. यानंतर तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलेली आहे. माझ्या गाडीच्या डाव्या टायरवर हात फिरवताना आतल्या कडेला तळहात अक्षरशः अडकत होता. डोळ्यांना तो टायर ठीक दिसत होता.

ओढण्याचं कारण टायरच आहे का, याची एक खात्रीची परीक्षा आहे. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला आणि त्याच रस्त्यावर फिरवा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरमध्ये. दिशा तीच राहिली तर पुढे चला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल फक्त चाचणीपुरती, हळू वेगात आणि कोरड्या रस्त्यावर करा.

रीम, नट आणि हब

चाक काढलेलंच आहे, तर रीमची आतली कड बघा. बाहेरची कड सगळे बघतात. खड्ड्याचा मार मात्र बरेचदा आत बसतो. माझी पुढची डावी रीम आतून चपटी झाली होती आणि तीन वेळा अलाइनमेंट करणाऱ्या कुणीही चाक काढून बघितलं नव्हतं. ताशी ९० ला एवढ्या मापाचं चाक सेकंदाला जवळजवळ तेरा वेळा फिरतं. रीमच्या कडेला ३० ग्रॅमचा असमतोल असला तर दर फेऱ्याला साडेतीन किलोच्या आसपास हिसका बसतो. हातात जाणवते ती थरथर हीच. वाकडी रीम वजनं लावून तात्पुरती शांत करता येते, पण तिचा गोलपणा परत येत नाही. लोखंडी रीम चांगला कारागीर सरळ करू शकतो. अलॉयला तडा असेल तर ती वेल्ड करून वापरू नका, बदला.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, पृष्ठभाग गंजला असेल तर तारेच्या ब्रशने घासून घ्या. तिथे गंजाचा नुसता पापुद्रा राहिला तरी चाक किंचित तिरकं बसतं. मागच्या मालकाने बाहेरून आणलेले अलॉय बसवले असतील तर दोन गोष्टी विचारा: मधलं भोक हबवर नेमकं बसतं की सैल आहे, आणि नट त्याच अलॉयचे आहेत का. सैल भोकात योग्य मापाची रिंग बसवली की कितीतरी 'न सुटणाऱ्या' थरथरी सुटतात. शंकूच्या आकाराच्या खाचेत गोल बुडाचा नट, किंवा त्याउलट, हे मात्र धोक्याचं आहे. असे नट सैल होतात.

नट आवळताना चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. टायरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने धडाधड आवळून देतात, त्यात एखादा नट फार घट्ट आणि एखादा कमी राहतो. तिथे नम्रपणे पण ठामपणे सांगा: "दादा, शेवटचं आवळणं हाताने, टॉर्क रेंचने करा." रेंच नसेल तर निदान हाताच्या पान्याने करायला लावा आणि घरी येऊन तपासा.

चाक उचलून हलवून बघा

इथे सुरक्षितता आधी. जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड किंवा ठोकळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. खाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय खाली शिरायचंच नाही. घोडी नसेल तर हा भाग गॅरेजमध्ये लिफ्टवर करून घ्या आणि शेजारी उभे राहा.

चाक अधांतरी झालं की वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग. राहिला तर खालचा बॉल जॉइंट. मग डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवा. इथे खेळ असेल तर टायरॉड एंड (स्टेअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅकचा, म्हणजे ते दांडे डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या यंत्रणेचा, आतला सांधा. सांध्यावरचं धूळ-रबर सरकवून बोट ठेवलं की टक्टक् बोटाला लागते. हायवेवर गाडी नेम धरत नाही, सतत बारीक दुरुस्ती करावी लागते, या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

आता ठोकळा पक्का आहे ना ते बघा, पुढच्या चाकासाठी गिअर न्यूट्रलला घ्या, एक हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग काही बोलत नाही. बिघडलेलं बेअरिंग स्प्रिंगमधून बारीक खरखर पोचवतं, जात्यात खडा आल्यासारखी. चालत्या गाडीत तपासायचं तर मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगाने हलकंसं डावीकडे वळवा: भार उजव्या चाकावर येतो, आणि आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. उलट वळवून खात्री करा.

चाक जड फिरत असेल तर ब्रेक चिकटतोय. जुन्या, बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कॅलिपरच्या (ब्रेकची पॅडं डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकतात. अशी गाडी एका बाजूला ओढते आणि सगळे अलाइनमेंटला दोष देतात. वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही रीमजवळ हात न लावता तळहात धरा. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर तिथे बघा. पिना काढून साफ करणं, योग्य ग्रीस लावणं, रबर बदलणं, एवढं काम असतं. ब्रेकच्या थरथरीसाठी डिस्क यंत्रावर घासून घ्यायची असेल तर आधी जाडी मोजा. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली जात असेल तर नवीच घ्या, आणि जोडीनेच घ्या.

बुश: माझी गाडी जिथे खरी सापडली

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा आडवा हात. त्याच्या टोकाला रबरी बुश असतात. मागचा मोठा बुश ब्रेक दाबताना सगळा ओढा सहन करतो. तो फाटला की ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात चाक मागे सरकतं, टो बदलते, आणि गाडी उभी राहिली की चाक परत जागेवर येतं. अलाइनमेंट मोजतात ती उभ्या गाडीची. म्हणून माझा कागद तिन्ही वेळा हिरवा होता आणि रस्त्यावर गाडी तिन्ही वेळा डावीकडे गेली.

हे दाखवलं एका जुन्या मिस्त्रींनी. गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्म आणि सांगाड्याच्या मध्ये लांब टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि हलकेच दाबली. वरून नवा वाटणारा बुश ओठांसारखा उघडला. आतलं रबर धातूपासून पूर्ण सुटलं होतं. "बघितलंत का? नुसतं बघून कळत नाही, दाबून बघावं लागतं," एवढंच ते म्हणाले. तुम्हीही गॅरेजमध्ये टॉमीने दाबून दाखवायला सांगा. उजव्या बाजूशी तुलना केली की फरक कुणालाही कळतो.

खाली गेल्यावर बाकीचं झटपट बघून घ्या: शॉकअपवर तेलाचे ओघळ, लिंक रॉडचे सैल सांधे, एक्सलची आणि रॅकची फाटलेली रबरं. एक्सलचं रबर नुकतंच फाटलं असेल आणि आवाज येत नसेल तर रबर आणि ग्रीस बदलून काम भागतं. उशीर केला तर सांधाच जातो. शॉकअप बदलायचे तर जोडीने, आणि त्याच वेळी वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंगही बघा. स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटत असेल किंवा वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून मध्यावर येत नसेल तर ते बेअरिंग अडकलेलं असू शकतं.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागलेला असेल तर आधी बॅटरीचा विद्युतदाब बघा आणि स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या. अंदाजाने रॅक बदलू नका.

आता बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट

बॅलन्सिंगला गेलात की जुनी सगळी वजनं काढायला सांगा. यंत्रावर चाक फिरताना स्वतः बाजूला उभे राहून रीमच्या कडेकडे बघा. कड वरखाली किंवा आतबाहेर नाचत असेल तर ती डोळ्यांना दिसते. वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलंय का ते बघा. एका चाकाला फारच जास्त वजन लागत असेल तर टायर रीमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. स्टेपनीही करून घ्या. वाकडी रीम बदलेपर्यंत माझी स्टेपनीच पुढे होती.

अलाइनमेंटला जाताना हवा बरोबर करून जा आणि डिकीतलं जड सामान काढा. तिथे तीन गोष्टी मागा: मोजण्याआधी गाडी दाबून उसळवणं, स्टेअरिंग सरळ लॉक करणं, आणि आधीचे व नंतरचे आकडे असलेला कागद. फक्त नंतरचा कागद घेऊ नका.

बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढची टो टायरॉडवरून बदलता येते. कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) जसे आहेत तसे, आणि मागचा बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) तर पूर्ण पक्का. टो लहान वाटते, पण एका चाकाची टो १० मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने चुकली तरी ते चाक दर किलोमीटरला जवळजवळ तीन मीटर आडवं घासलं जातं. कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्या बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर 'चालतंय' म्हणून सोडू नका. शॉकअप, नकल (हब ज्यात बसतो तो भाग), लोअर आर्म किंवा खालची सबफ्रेम (इंजिनाखालचा जोड-सांगाडा) यापैकी काहीतरी वाकलं किंवा सरकलं आहे, आणि ते बहुधा अपघातात झालेलं असतं. साध्या टेपने पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. बाजूंत बारा-पंधरा मिलिमीटरचा फरक येत असेल तर विकणाऱ्याशी बोलण्याची हीच वेळ आहे. पैसे अजून पूर्ण दिलेले नसतील तर आणखीच बरं.

स्टेअरिंग वाकडं राहिलं तर दोन्ही टायरॉड सारखे फिरवून ते सरळ होतं. स्टेअरिंगचं चाकच काढून सरळ बसवून देतो असं कुणी म्हणालं तर थांबवा. तिथे एअरबॅगची जोडणी आणि कोनाचा सेन्सर असतो.

एका वेळी एकच बदल

माझ्याकडे आधी रीम बदलली आणि त्याच रस्त्यावर फिरवली: थरथर गेली, ओढणं तसंच. मग दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बुशसकट बदलले: ब्रेक दाबताना गाडी सरळ थांबू लागली. मगच चौथी अलाइनमेंट केली. तीनही कामं एकाच दिवशी केली असती तर कशाने काय सुटलं हे मला कधीच कळलं नसतं.

चाक उघडलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कवर तपासा. दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा टायरवर तळहात फिरवा, दोन्ही दिशांनी. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा आणि तारीख वहीत लिहा. पसरणीच्या घाटातून वाईला उतरताना मी अजून एकदा मुद्दाम ब्रेकवर लक्ष देतो, स्टेअरिंग दोन बोटांत धरून बघतो आणि खाली आल्यावर डाव्या पुढच्या चाकाजवळ तळहात धरतो.